पोलीस पाटील म्हणून नेमणूक झाली आणि निनावी कमेंट सुरू झाल्या: नाशिक जिल्ह्यातल्या ताईंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवड यादी लागली की संध्याकाळपर्यंत तिचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. आधी हार-गुच्छांची चित्रं, अभिनंदनाचे मेसेज. दोन-तीन दिवसांत कुठलं तरी नाव नसलेलं फेसबुक अकाउंट तोच फोटो उचलतं आणि त्याखाली जे लिहिलं जातं ते घरात मोठ्यानं वाचता येत नाही. सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत हा क्रम फारसा बदलत नाही. हे पान मुख्यतः नव्यानं नेमणूक झालेल्या पोलीस पाटील महिलांसाठी आहे. सरपंच, स्वीकृत नगरसेविका, समितीच्या सभापती यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

माझी निवड परीक्षा देऊन झाली. तरी "वशिल्यानं आली" असं लिहितात. उत्तर देऊ का?

एकदा द्या. एकदाच, आणि कागदानं द्या.

पोलीस पाटलाचं पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खालचं आहे. दहावी पास, वय २५ ते ४५, गावातला रहिवास या अटी. लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २० ची आणि नेमणुकीचा आदेश प्रांताधिकाऱ्यांचा. तुमचे गुण आणि आदेशाचा क्रमांक लिहून एक साधी पोस्ट टाका. जागा महिलांसाठी राखीव असेल तर तेही सरळ लिहा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. राखीव जागेवरसुद्धा परीक्षा द्यावीच लागते आणि तिथेही इतर बायकांशी स्पर्धा असतेच. ज्याला निवड चुकीची वाटते त्याला माहितीच्या अधिकारात गुण मागता येतात आणि महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'मॅट'मध्ये, दाद मागता येते. हे रस्ते उघडे असताना जो खोट्या नावानं लिहितो त्याला निवडीची चौकशी नको असते, तुम्ही नको असता.

वंशपरंपरेची महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं संपली. पण काही घरांच्या मनातून ती गेलेली नाही. त्या खुर्चीवर सून बसली, त्यातही दुसऱ्या भावकीतली किंवा दुसऱ्या समाजातली बसली, की जुनं दुखणं वर येतं. कमेंटमधल्या विखाराचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

टीका कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो?

"पाटीलबाई भांडणाच्या वेळी तासभर उशिरा आल्या." ही टीका आहे. "अवैध दारूची खबर देऊनही काही केलं नाही." हीसुद्धा टीका आहे, खोटी असली तरी. सार्वजनिक पदावरच्या माणसाला कामाबद्दल बोलणी ऐकावी लागतात आणि ती ऐकलीच पाहिजेत. १९९४ मध्ये राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की पदाच्या कामाबद्दल केलेल्या टीकेसाठी अधिकाऱ्याला सहजासहजी नुकसानभरपाई मागता येणार नाही. खऱ्या-खोट्याची पर्वा न करता बेदरकारपणे लिहिलं असेल तरच ती मागता येईल. हा निकाल मला योग्य वाटतो. उद्या तुमच्याच गावातली एखादी बाई ग्रामसेवकाच्या कामाबद्दल लिहील, तेव्हा तिलाही याच निकालाचं संरक्षण मिळणार आहे.

बाईच्या शरीराबद्दल, चारित्र्याबद्दल, ती रात्री कुणाबरोबर कुठे असते याबद्दल लिहिणं, तिच्या मुलीला त्यात ओढणं, "एकटी सापड मग बघतो" म्हणणं ही टीका नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणी इथे गोंधळतात. कामावरच्या टीकेनं दुखावतात आणि अंगावर आलेली घाण "पदावर आहे म्हणून सोसायचं" म्हणून गिळतात. हे उलट व्हायला हवं. कामाबद्दल विचारलं तर उत्तर द्या. अंगावर आलं तर तक्रार द्या.

कमेंटमध्ये एकही शिवी नाही. पण अर्थ सगळ्या गावाला कळतो. तक्रार होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि पोलीस ठाण्यात सगळ्यात जास्त टोलवला जातो.

एक नमुना बघा: "लेखीत काठावर, पण तोंडीत साहेबांनी पैकीच्या पैकी दिले 😉". शब्द सुटे सुटे केले तर यात काही नाही. डोळा मारणारं चित्र आणि 'तोंडी' हा शब्द एकत्र वाचले की काय म्हणायचं आहे ते शेंबड्या पोरालाही कळतं. अशा कमेंटखाली वीस जणांनी हसणारी चित्रं टाकली असतील तर तोही पुरावा आहे, कारण लोकांनी अर्थ काय घेतला ते त्यातून दिसतं.

तक्रार लिहिताना नुसती कमेंट उतरवू नका. तिच्याखाली एक वाक्य लिहा: "या वाक्यातून माझी निवड शरीरसंबंधाच्या बदल्यात झाली असं सुचवलं आहे आणि गावात त्याचा तोच अर्थ घेतला गेला आहे." हे लिहिताना हात अडखळतो, कळतं मला. पण ते तुम्ही लिहिलं नाहीत तर ठाण्यातला अंमलदार "यात काय आहे?" म्हणून कागद परत करेल.

"हे बोललेलं नाही, लिहिलेलं आहे, म्हणून कलम लागत नाही," असंही कुणी सांगेल. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ई-मेलमधल्या मजकुराबद्दल हाच मुद्दा फेटाळला. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान लेखी शब्दांतूनही होतो, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं आहे.

सगळ्यात आधी काय करू? डिलीट, ब्लॉक, की उत्तर?

यातलं काहीच नाही. आधी पुरावा. तुम्ही रिपोर्ट केल्यावर कमेंट उडाली आणि हातात काही उरलं नाही, असं फार वेळा होतं.

स्क्रीनशॉट पूर्ण घ्या: अकाउंटचं नाव, तारीख, वेळ आणि कमेंट ज्या पोस्टखाली आहे ती पोस्ट, सगळं दिसलं पाहिजे. त्या अकाउंटच्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. नाव उद्या बदलता येतं, लिंक बहुधा तीच राहते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं असेल तर चॅट पुसू नका आणि फोन बदलू नका.

एक वहीही ठेवा. निफाड तालुक्यातल्या एका ताईंनी द्राक्षबागेच्या मजुरांच्या हजेरीची वही उलटी करून मागच्या पानापासून रकाने आखले: तारीख, वेळ, कुठल्या ग्रुपवर किंवा पेजवर, अकाउंटचं नाव, शब्द जसेच्या तसे, आणि शेवटी 'हे कुणी कुणी पाहिलं'. हा शेवटचा रकाना फार मोलाचा ठरला. पुढे साक्षीदार शोधावे लागले नाहीत, नावं लिहिलेलीच होती. वहीत उतरवताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. तीन वेगवेगळ्या नावांची अकाउंटं एकच शब्द एकाच पद्धतीनं चुकवून लिहीत होती.

कोर्टात स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हेच कलम ६५-ब होतं आणि ते का आवश्यक आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जालन्याच्या अर्जुन खोतकर निवडणूक खटल्यात स्पष्ट केलं. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात आहे. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. तक्रारीच्या दिवशी ते नसेल तरी तक्रार अडत नाही. मूळ फोन मात्र जपा.

तक्रार कुठे द्यायची? माझं रोजचं काम ज्या ठाण्याशी, तिथेच?

तिथे देता येते आणि पुष्कळदा तिथेच सोपी जाते, कारण ठाणेदार तुम्हाला ओळखतात. अवघड जातं तेही त्याचमुळे. गावातल्या गुन्ह्याची खबर द्यायची ती तुम्ही, आणि आज स्वतःचीच खबर घेऊन बाकावर बसायचं. संकोच वाटत असेल तर ग्रामीण भागासाठी आडगावला जिल्हा पोलीस अधीक्षकांचं कार्यालय आहे, ग्रामीण पोलिसांचं सायबर ठाणेही आहे. महापालिका हद्दीत असाल तर शहर आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणे. घरबसल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार करता येते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, अशा तक्रारीसाठी पोर्टल किंवा ठाणेच बरं. जिवाला धोका वाटला तर ११२.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात शून्य क्रमांकानं गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. विनयशीलतेच्या कलमाखालची तक्रार महिला पोलिसानं लिहून घ्यायची असते. जबाबासाठी तुम्हाला ठाण्यात बोलावून बसवून ठेवता येत नाही, तुमच्या घरी येऊन घ्यावा लागतो. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं, अधीक्षकांकडे पाठवा. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्यानं आहे. जुन्या सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. तक्रारीची एक प्रत प्रांत कचेरीत आणि तहसीलदारांकडेही द्या. परवानगी म्हणून नाही. उद्या कुणी तुमच्याविरुद्ध खोटा अर्ज टाकला, तर त्याआधीचा कागद तिथे असावा म्हणून.

कोणती कलमं लागतात? मी लोकसेवक आहे, ३५३ लागेल ना?

गावात सगळे '३५३ लावा' म्हणतात. ते जुनं कलम, आता भारतीय न्याय संहितेतलं १३२, लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर झाला तर लागतं. नुसत्या कमेंटला नाही. आयटी कायद्याचं ६६-अ सुद्धा मागू नका. ते सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केलं आहे.

न्याय संहितेतली लागू शकतात ती अशी. विनयशीलतेचा अपमान: कलम ७९, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. लैंगिक स्वरूपाचे शेरे: कलम ७५. सतत पाठलाग, त्यात ऑनलाइन पाळतही आली: कलम ७८. धमकी: कलम ३५१, आणि ती नाव लपवून दिली असेल तर त्याच कलमात दोन वर्षांपर्यंतची जादा शिक्षा आहे. तुमच्या नावानं खोटं अकाउंट काढलं तर आयटी कायद्याचं ६६-क, अश्लील मजकुराला ६७. बदनामीचं कलम ३५६ वेगळं आहे. त्याची फिर्याद तुम्ही स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायची असते, पोलीस परस्पर गुन्हा नोंदवत नाहीत. कलमं ठरवणं पोलिसांचं काम. तुम्ही घडलं ते तारखेनिशी लिहा.

खोट्या नावामागचा माणूस सापडतो का?

पुष्कळदा सापडतो, पण उशीर केला तर अवघड होतं. पोलिसांनी कंपनीकडे मागणी केली की अकाउंट कुठल्या नंबरवरून, कुठल्या जोडणीवरून चालतं याची माहिती मिळू शकते. आयटी कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे काढून टाकलेला मजकूर आणि बंद केलेल्या खात्याची नोंदणीची माहिती कंपनीनं १८० दिवस जपायची असते. "यात्रा होऊ द्या, मग बघू, कांदा निघू द्या, मग बघू" करत सहा महिने घालवले तर तो धागाच तुटतो.

आणि मन घट्ट करा. हा माणूस मुंबई-पुण्याचा निघत नाही. तो तुमच्या पारावरचा असतो, कधी यादीत खालच्या क्रमांकावर राहिलेल्याचा पुतण्या, कधी सकाळी "नमस्कार ताई" म्हणणारा. पण पोलिसांनी सांगेपर्यंत कुणाचंही नाव तोंडातून काढू नका. अंदाजानं घेतलेलं नाव चुकलं तर निरपराध माणूस भरडला जातो आणि तुमची तक्रार सूडाची ठरते.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर गुन्हा होतो का?

सहसा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे कुणी दोषी ठरत नाही. दोघांचा तसा समान इरादा असेल तर वेगळं. पण अ‍ॅडमिनला लेखी मेसेज करा, "अमुक मजकूर काढा, अमुक सदस्याला काढा." त्यानं काय केलं तेही वहीत लिहा.

फेसबुकला रिपोर्ट केलं, "नियमांचं उल्लंघन नाही" असं उत्तर आलं.

मराठीतला टोमणा तिकडच्या यंत्राला कळत नाही. बागलाण-मालेगावकडची अहिराणीतली शिवी तर नाहीच नाही. रोमन अक्षरांत मराठी लिहिलं की आणखी गोंधळ. म्हणून नुसतं बटण दाबून थांबू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, त्याचा पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. कमेंट जशीच्या तशी द्या आणि अर्थ सोप्या भाषेत समजावून सांगा. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

माझा चेहरा वापरून घाणेरडा फोटो बनवला आहे.

तो तुमचा नाही, हे कुणालाही पटवत बसू नका. असा नग्न किंवा बदललेला फोटो तक्रार आल्यापासून दोन तासांच्या आत काढणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्याच दिवशी कंपनीकडे, पोर्टलवर आणि ठाण्यात, तिन्ही ठिकाणी तक्रार करा. 'पुरावा' म्हणून तो फोटो नातेवाइकांना पाठवू नका. पोलिसांनाच दाखवा.

नवरा आणि दीर कमेंटमध्ये उत्तर द्यायला निघालेत.

थांबवा. त्यांचा राग खरा आहे, पण त्यांनी तिथे एक शिवी लिहिली की समोरचा त्याचाच स्क्रीनशॉट घेऊन आधी ठाण्यात पोहोचतो. शिवाय 'पाटीलबाई नावाला, कारभार नवऱ्याचा' म्हणायला आयतं कोलीत मिळतं. त्यांनी तुमच्याबरोबर ठाण्यात यावं, बाहेर बसावं, आणि सही तुम्ही करावी. घरची जनावरं, पोरांचा डबा त्या दिवशी त्यांनी सांभाळला तर ती खरी मदत.

मुलीनं सगळं वाचलं. तिला काय सांगू?

लपवू नका, तिला तुमच्याआधी कळलेलं असतं. शाळेत कुणी काही बोललं का ते विचारा आणि वर्गशिक्षिकेला स्वतः भेटून सांगा. तक्रार दिली आहे हे तिला दाखवा, वही दाखवा. तिची किंवा तुमची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं, मराठीतसुद्धा.

राजीनामा द्यावासा वाटतो.

असं वाटणं साहजिक आहे, आणि तुम्हाला कुणी भेकड म्हणू नये. पण कमेंटच्या आठवड्यात राजीनामा लिहू नका. लिहायचाच असेल तर तक्रार दाखल झाल्यावर, शांत डोक्यानं, स्वतःच्या कारणासाठी लिहा.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगते. तिथल्या एका सरपंचबाईंना सासूच्या अतिक्रमणातल्या घरात राहता म्हणून पदावरून काढलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं त्यांचं पद कायम ठेवलं आणि सांगितलं की बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलेलं दिसत नाही. हे न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलं आहे.

नाशिक महापालिकेच्या १२२ जागांपैकी ६१ बायकांसाठी आहेत. राज्यात ग्रामपंचायतीतही २०११ पासून निम्म्या जागा आहेत. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या तेव्हा तिथे हिरकणी कक्ष उभा राहिला. बाई पदावर टिकून राहिली की तिच्यासाठी सोयी कराव्याच लागतात. ती सोडून गेली तर पुढचीला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

आम्ही गावातले आहोत, तिला ओळखतो. आम्ही काय करू शकतो?

शंभर-दोनशे माणसं असलेल्या ग्रुपवर घाण पडते आणि एकही जण बोलत नाही. त्या बाईला कमेंटपेक्षा हे जास्त लागतं. रात्रभर ती कोण गप्प राहिलं ते मोजत असते. म्हणून एक ओळ लिहा, स्वतःच्या नावानं: "हे चुकीचं आहे, काढून टाका." वाद घालू नका, लांबण लावू नका. मुख्याध्यापक, दूध संस्थेचे अध्यक्ष, कीर्तनकार महाराज, बचतगटाच्या ताई, ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांनी तर लिहिलंच पाहिजे. खासगीत "ताई, आम्ही तुमच्या बरोबर आहोत" म्हणून ग्रुपवर गप्प बसणं पुरेसं नाही. आणि तो मजकूर "बघा काय लिहिलंय" म्हणत पुढे पाठवू नका.

मुलगा सापडला. आता त्याची माणसं घरी येऊन "पोराचं नुकसान होईल, मिटवा" म्हणतात.

येतील. बहुधा रात्री येतील, सोबत तुमच्याच नात्यातला कुणी घेऊन. त्याची आई रडेल आणि तुम्हाला वाईट वाटेल.

मिटवायचं की नाही हा निर्णय फक्त तुमचा, सासऱ्यांचा नाही आणि सरपंचांचाही नाही. त्याच बैठकीत हो म्हणू नका, दोन दिवस मागून घ्या. गुन्हा दाखल झाला असेल तर तो गावकीच्या कागदावर मिटत नाही, न्यायालयातूनच मिटतो, म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. पैसे तर मुळीच घेऊ नका. उद्या तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. पोलीस पाटील म्हणून तुम्ही इतरांची भांडणं समजुतीनं सोडवता, पण या प्रकरणात तुम्ही फिर्यादी आहात, पंच नाही. बोलणी वकिलासमोर होऊ द्या.

माफ करायचं ठरवलंत तर माझ्या मते एक अट घाला. जिथे लिहिलं तिथेच, त्याच ग्रुपवर, त्याच पेजवर, त्यानं स्वतःच्या खऱ्या नावानं लिहावं की ते खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं. घरात येऊन पाया पडणं चालणार नाही. गावानं ते वाचलं पाहिजे. त्या माफीचाही स्क्रीनशॉट काढा आणि वहीत तारीख टाका.